'नमक' : विस्थापितांची कथा आणि शालेय वाचन

पाठ्यपुस्तकात प्रवेश मिळालेल्या कथेवर एक संकट हमखास ओढवते : तिच्यातील अनुभवाचा बोध होतो आणि बोधाचे परीक्षेतील उत्तर होते. रझिया सज्जाद जहीर यांची 'नमक' ही कथा याचे उदाहरण होय. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या 'आरोह' या हिंदी पुस्तकातून बारावीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ती वाचली. माणुसकीला सीमा नसते, एवढे सार हाती आले की तिचे अध्यापन संपले, असा समज रूढ आहे. वस्तुतः कथेचा खरा विषय तेथून पुढे सुरू होतो.

कथानक अगदी साधे आहे. लाहोरला भावांकडे निघालेल्या सफियाकडे मूळची लाहोरची एक वृद्ध शीख स्त्री तेथील मीठ मागते. मीठ सीमेपार नेणे बेकायदा. सफिया ते आधी फळांच्या करंडीत दडविते. मग मात्र जकात अधिकाऱ्यापुढे स्वतःच उघडे करून ठेवते. हा पाकिस्तानी अधिकारी मूळचा दिल्लीचा निघतो आणि जामा मशिदीच्या पायऱ्यांना सलाम पाठवितो. अमृतसरचा अधिकारी ढाक्याचा असतो. सीमेचा कायदा राबविणारे हातच सीमेने उखडलेले आहेत, हे लेखिकेने एका शब्दानेही न सांगता दाखविले आहे.

दिल्लीच्या वर्गात या सलामाला विशेष अर्थ आहे. लाजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर या वसाहती पश्चिम पंजाबातून आलेल्यांची आठवण जागती ठेवतात. १९५१ च्या जनगणनेच्या सुमारास अशा निर्वासितांची संख्या दिल्लीत पाच लाखांच्या आसपास होती. परंतु सप्टेंबर १९४७ मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत दिल्लीच्याच मुसलमानांनी आश्रय घेतला होता. तीन लाखांहून अधिक मुसलमान शहर सोडून गेले. त्यांच्या नावाची वसाहत दिल्लीत असणार तरी कशी? आलेल्यांचा इतिहास घरोघरी ऐकावयास मिळतो. गेलेल्यांचा मात्र अशा एखाद्या कथेतच उरतो.

येथे भाषेचाही विचार केला पाहिजे. हिंदीतील 'शरणार्थी' हा शब्द आसरा मागणाऱ्याचे वर्णन करतो. मराठीतील 'निर्वासित' हा शब्द त्याला कोणीतरी घालवून दिले आहे, याची आठवण देतो. या शब्दाच्या कसोटीवर 'नमक' थोडी उणी पडते. येथे घर गमावलेले सर्व दिसतात. घर गमवावयास लावणारा कोणीच दिसत नाही. प्रत्येक अधिकारी सज्जन आणि प्रत्येक जण विस्थापित, हा योगायोगही अंमळ नीटस आहे. मंटोंच्या 'टोबा टेक सिंह'मधील वेडाची कठोरता येथे नाही. 'नमक' एकटीच शिकविली, तर फाळणी ही नैसर्गिक आपत्ती होती, असा ग्रह मुलांच्या मनात होण्याचा धोका आहे.

तथापि हा दोष कथा वगळण्याचे कारण ठरत नाही. तो शिक्षकाची जबाबदारी वाढवितो, इतकेच. कथेचा संदेश कोणता, हा प्रश्न बाजूस ठेवून मुलांना दुसराच प्रश्न विचारावा : तो अधिकारी दिल्लीतील कोणत्या घरात राहत असेल, तेथून तो का निघाला आणि पुढे त्या घरात कोण राहावयास आले? याचे उत्तर शोधू लागलेल्या मुलाला निर्वासित म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागणार नाही.