भूदृश्याच्या छायाचित्रांतील मनुष्याकृती

लेण्याच्या वा डोंगराच्या कृष्णधवल छायाचित्रात एका कडेला माणूस दिसला, की ‘प्रमाण कळावे म्हणून’ असे म्हणून आपण पुढे जातो. हे स्पष्टीकरण खोटे नव्हे. अपुरे मात्र आहे. मेजर रॉबर्ट गिल यांची 74 छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह 1864 मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने निघाली. अजिंठ्याच्या चित्रांत जेथे माणूस आढळतो, तेथे तो खरोखरच होता. ओल्या कोलोडियनच्या काचेवर पुरेसा प्रकाश पडेपर्यंत त्याला निश्चल राहावे लागले. पण चित्र त्याच्याजवळ उंचीखेरीज काही मागत नाही. त्यातच कोलोडियनला तांबड्या प्रकाशाची जाणीव जवळजवळ नसे. त्यामुळे सावळा चेहरा मुळाहून काळा उमटे. हा काळेपणा पुष्कळ अंशी रसायनाचा आहे. समीक्षकांनी त्याला ‘गूढता’ म्हणून वाखाणू नये.

विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींवरील दोन खंडांत (1863 व 1866) नेमका उलट प्रकार आहे. माणसांची छायाचित्रे निराळी घेऊन ती स्थळदृश्यांवर जुळविलेली आहेत, आणि ही जुळणी लपत नाही. परंतु येथे चेहरे आहेत, वस्त्रांच्या चुण्या आहेत. गिल यांचा मनुष्य स्थळी आहे, त्याला चेहरा नाही. जॉन्सन यांच्या मनुष्याला चेहरा आहे, स्थळ उसने आहे. एक उंचीचे माप, दुसरा जातीचा नमुना. नावाची गरज बहुधा कोणासच वाटलेली नाही.

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे उतरणाऱ्या मालाची कृष्णधवल छायाचित्रे घेतली जातात, त्यांकडे याच दृष्टीने पाहावे. पोत्यांच्या थप्प्या हेच तेथील भूदृश्य. आजचा कॅमेरा रंग टिपतो, रंग नंतर बुद्ध्या काढून टाकला जातो. तेव्हा रसायनाची सबब उरलेली नाही. तरीही उजेडासमोर कॅमेरा धरून हमालाची आकृती काळीभोर ठेवण्याची हौस सुटत नाही. प्रेक्षक हळहळतो खरा. पण हा मनुष्य पुन्हा मोजपट्टीच झाला, लेण्याच्या उंचीऐवजी आता कष्टाची. 1969 च्या माथाडी कायद्यान्वये ज्याचे नाव मंडळाच्या नोंदवहीत चढते, त्याच्या चित्राखाली ‘हमाल, मार्केट यार्ड’ एवढेच लिहून भागविले जाते. ज्या चित्रात तो थप्पीला टेकून कॅमेऱ्याकडे रोखून पाहतो, ते प्रस्तुत लेखकास अधिक मोलाचे वाटते, मग त्यात मागच्या थप्प्या थोड्या फिक्या उमटल्या तरी हरकत नाही.