आत वळलेला विद्रोह : अलीकडचे चार हिप-हॉप आल्बम

हिप-हॉप म्हणजे रस्त्यावरचा आक्रोश, पोलिसी दडपशाहीविरुद्ध काळ्या तरुणांनी दिलेली हाक, अशी एक समजूत आपल्याकडील परिवर्तनवादी वर्तुळात रुजलेली आहे. ती निराधार नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका निवासी इमारतीत डीजे कूल हर्क यांनी तबकड्या वाजवल्या, तेथून या संगीताचा आरंभ मानला जातो. पुढे त्याने वस्तीतील दारिद्र्य, तुरुंग आणि बंदूक यांना जी वाचा दिली ती अमेरिकेतील प्रस्थापित संगीताने कधी दिली नव्हती. शिवाय अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली; तेव्हापासून काळ्यांच्या प्रत्येक उद्गारात आपलाच नकार शोधण्याची सवय आपल्या वाचकांस जडली आहे. या अपेक्षेने जो श्रोता २०२२ ते २०२५ या काळातील काही गाजलेले आल्बम ऐकावयास बसेल, तो गोंधळून जाईल. पोलीस तेथे क्वचितच येतात. येतात ते आई, बाप, भाऊ, पत्नी आणि मानसोपचार.

काही अभ्यासक यास माघार म्हणतात. व्यवस्थेवर रोखलेले बोट स्वतःच्या छातीकडे वळले की व्यवस्था मोकळी सुटते, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप हलका नाही. विशेषतः दुःखाची कबुली हाच जेथे खपाचा माल झाला आहे, तेथे तो विचारात घेतलाच पाहिजे. परंतु आम्हांस तो अपुरा वाटतो. घराच्या आत पाहणे हे विद्रोहाचेच पुढचे पाऊल असू शकते. मात्र अशा गाण्यात घरातील दुसऱ्या माणसाला उत्तर देण्यास जागा ठेवली आहे की नाही, यावर त्याचे मोल ठरते. कबुली देणारा एकटाच बोलत राहिला, तर त्याची कबुली हेही सत्तेचेच एक रूप होते. या कसोटीवर आम्ही चार आल्बम पाहणार आहोत.

पहिला केन्ड्रिक लामार यांचा ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’. लॉस एंजेलिसजवळील कॉम्प्टन या गावच्या या कवीला ‘डॅम’ या २०१७च्या आल्बमसाठी पुढल्या वर्षी संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय वा जॅझ परंपरेबाहेरील कृतीला ते प्रथमच मिळत होते. त्यानंतर पाच वर्षांचे मौन, आणि मे २०२२मध्ये अठरा गाण्यांचा हा दोन भागांतील संग्रह. मुखपृष्ठावर काट्यांचा मुकुट घातलेले लामार कडेवर लेकीला घेऊन उभे आहेत आणि कमरेला पिस्तूल आहे. समाजाने ज्याला तारणहार ठरवले त्याने ते पद नाकारण्याचा हा आल्बम आहे, आणि ‘सेव्हियर’ या गाण्यात तो नकार उघडच उच्चारला जातो.

संग्रहाचा गाभा ‘मदर आय सोबर’ या गाण्यात आहे. पियानोचे मंद सूर, बेथ गिबन्स यांचा खोल, थकलेला आवाज, आणि त्यांच्या सोबतीने लामार यांचे जवळजवळ पुटपुटणे. लहानपणी नातलगाने आपल्याशी काही अनुचित केले का, असे घरच्यांनी वारंवार विचारले. मुलगा नाही म्हणत राहिला. कोणी विश्वास ठेवला नाही. त्या अविश्वासामागे आईने सोसलेला अत्याचार होता. तेथून गाणे गुलामगिरीच्या काळातील बलात्कारांपर्यंत मागे जाते आणि मग निवेदकाच्या स्वतःच्या व्यभिचारापर्यंत पुढे येते. व्यवस्था सुटली असे कोणी म्हणावे? इतिहास पिढ्यांच्या देहांतून कसा वाहत येतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी रचना आमच्या ऐकण्यात फारशी नाही. तरीही एक बोच राहते. आईचे दुःख येथे मुलगा सांगतो. आई बोलत नाही. शेवटी जोडीदारीण आणि लेक यांचे आवाज येतात, पण ते त्याला धन्यता देण्यासाठी येतात, जाब विचारण्यासाठी नव्हे. ‘वुई क्राय टुगेदर’मध्ये मात्र टेलर पेज या अभिनेत्रीने साकारलेली स्त्री पुरुषाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्यावर आवाज चढवून भांडते. ते गाणे ऐकणे कष्टाचे आहे आणि तेच त्याचे बळ आहे. उलटपक्षी, लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरील खटल्यात २०२१ साली तुलनेने सौम्य गुन्हा कबूल केलेल्या कोडॅक ब्लॅक यांना याच संग्रहात दिलेली ऐसपैस जागा आम्हांस पटली नाही. घायाळ माणसाने दुसऱ्यास घायाळ केले, एवढे म्हटल्याने त्या दुसऱ्याची बाजू पुढे येत नाही.

‘आँटी डायरीज’बद्दल स्वतंत्रपणे सांगावयास हवे. लिंगभाव बदललेल्या दोन आप्तांविषयीचे हे गाणे त्यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिवीचा वारंवार उच्चार करते, आणि त्यावर अमेरिकेत रास्त टीका झाली. परंतु गाण्याचा शेवट पाहावा. काळ्यांसाठीची शिवी एका गोऱ्या चाहतीने मंचावर उच्चारली तेव्हा लामार यांनी तिला थांबवले होते. त्या प्रसंगाची आठवण देऊन आप्तच त्यांना कोंडीत पकडते. स्वतःच्या अपमानाची भाषा दुसऱ्यास वर्ज्य करणाराने दुसऱ्याच्या अपमानाची भाषा कोणत्या अधिकाराने वापरावी? जातिवाचक शिवीचा दाह ज्यांनी सोसला, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. येथे दुसऱ्या माणसास उत्तर देता आले आहे, म्हणून दोष पत्करूनही आम्ही हे गाणे संग्रहातील श्रेष्ठ रचनांत धरतो.

मराठी वाचकास या ठिकाणी ‘बलुतं’ आठवल्याशिवाय राहणार नाही. १९७८ साली दया पवार यांनी दगडू मारुती पवार याला बोलते केले, एका ‘मी’ने दुसऱ्या ‘मी’ला ऐकले, आणि घरातील व वस्तीतील गोष्टी चव्हाट्यावर मांडल्याबद्दल आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला. ते लेखन माघार होते असे आज कोणी म्हणणार नाही. पण ती गोष्ट तेथे संपली नाही. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली ग्रंथरूपाने आले, २००३ साली ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ आले, आणि त्याच घरातील बाई स्वतः बोलू लागली. पुरुषाच्या आत्मकथनातील मौन तेव्हा कोठे ऐकू आले. हिप-हॉपमध्येही हे घडत आहे. त्याकडे शेवटी येऊ.

लामार यांचाच ‘जीएनएक्स’ नोव्हेंबर २०२४मध्ये कोणतीही पूर्वघोषणा न करता आला. ब्यूइक कंपनीच्या १९८७च्या एका मोटारीवरून त्याचे नाव पडले आहे. बारा गाणी, पाऊण तासाहून कमी वेळ, आणि त्याच वर्षीच्या ड्रेक यांच्याबरोबरच्या जाहीर वैरातील विजयाची नशा. डेरा बरेरा यांचे मेक्सिकन धाटणीचे गायन आणि लॉस एंजेलिसमधील अल्पपरिचित रॅपकारांना दिलेली जागा यांमुळे शहर जिवंत होते, हे मान्य. बाकी पुष्कळसा भाग आत्मगौरवाचा आहे, आणि तो कितीही सफाईदार असला तरी दुसऱ्यांदा ऐकताना पातळ वाटतो. अपवाद ‘रीइन्कार्नेटेड’ या गाण्याचा. तुपाक शकुर यांच्या एका जुन्या गाण्याचा ध्वनितुकडा पायाशी घेऊन निवेदक आपले पूर्वजन्म सांगतो: एकदा गिटारवादक, एकदा व्यसनाने संपलेली गायिका, आणि अखेर पित्याशी वाद घालणारा आजचा माणूस. आमच्या वाचकांस शीर्षकापाशी थबकणे भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ‘पुनर्जन्म कशाचा’ आणि ‘पुनर्जन्म कोणाचा’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत आणि आत्म्याच्या स्थलांतराची कल्पना बाजूस सारली आहे. लामार यांची भाषा ख्रिस्ती आहे, देव आणि सैतान यांच्या संवादाची आहे. तथापि त्यांच्या गाण्यात एका जन्मातून दुसऱ्यात प्रत्यक्ष जाते ते काय? कलेचे सामर्थ्य, व्यसन, बापाशी असलेले तुटलेपण. कोणाचा यापेक्षा कशाचा, हाच प्रश्न गाणे नकळत विचारून जाते. शेवटी शब्द सलोख्यासाठी वापरण्याचे वचन दिले जाते. उरलेल्या आल्बमने मात्र ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

व्हर्जिनियातील पुशा टी आणि मॅलिस या भावांची ‘क्लिप्स’ ही जोडी २००९नंतर प्रथमच ‘लेट गॉड सॉर्ट एम आउट’ हा एकत्र आल्बम घेऊन जुलै २०२५मध्ये आली. संगीत संपूर्णपणे फॅरेल विल्यम्स यांचे. पहिलेच गाणे, ‘द बर्ड्स डोन्ट सिंग’, काही महिन्यांच्या अंतराने गेलेल्या आईवडिलांविषयी आहे. एक भाऊ आईशी बोलतो, दुसरा वडिलांशी. शेवटच्या बोलण्यांतून आई निरोप घेत होती हे मुलाच्या ध्यानात आले नाही. वडील गेलेले आढळले ते दुसऱ्या मुलालाच. ना अलंकार, ना आक्रोश. तपशील तेवढे एकामागून एक येतात आणि श्रोत्याचा गळा दाटतो. नंतर मात्र दोघे आपल्या जुन्या विषयाकडे, कोकेनच्या व्यापाराकडे आणि त्यातून आलेल्या वैभवाकडे परततात. मादक द्रव्यांचा व्यापार अंगुत्तर निकायातील पाच वर्ज्य व्यापारांत येतो, एवढ्यावरून आम्ही या गाण्यांना दोष देणार नाही. व्यापाराचे गाणे म्हणजे व्यापार नव्हे, आणि शीलाची फूटपट्टी लावून काव्य मोजता येत नाही. मॅलिस यांच्या ओळींतील पश्चात्तापाची कडवट चवही आम्ही ऐकली आहे. दोष रचनेचा आहे. पहिल्या गाण्यातील शोक पुढच्या गाण्यांना स्पर्श करीत नाही. हा माल ज्यांच्या घरी पोहोचला त्या घरांतही आई होती, बाप होता. त्यांचा आवाज आल्बमभर कोठेच नाही.

आता लिटल सिम्झ. नायजेरियन मातापित्यांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेल्या या कलावतीला २०२२ साली मर्क्युरी पारितोषिक मिळाले. जून २०२५चा त्यांचा आल्बम ‘लोटस’, म्हणजे कमळ. शीर्षक पाहून आमच्या वाचकांनी हुरळून जाऊ नये. चिखलातून वर येण्याचे रूपक एवढेच येथे अभिप्रेत आहे, आणि ते तसे जुनेच आहे. आरंभीचे ‘थीफ’ हे गाणे एका निकटच्या माणसाने केलेल्या विश्वासघाताच्या संतापाने धगधगते. त्यात समोरच्याला बोलू दिलेले नाही, म्हणून आमच्या कसोटीस ते उतरत नाही. संताप खरा असल्याने ऐकवत मात्र राहते. मधली काही गाणी हलकीफुलकी आहेत, ‘यंग’ तर निव्वळ थट्टा. परंतु ‘ब्लड’ या गाण्यापाशी चारही आल्बमांतील सर्वांत धाडसी गोष्ट घडते आणि ती अगदी साध्या रीतीने घडते. दूरध्वनीवर बहीण-भाऊ बोलत आहेत. भावाच्या भूमिकेत रेच ३२. कामाने आणि वर्षांनी दुरावलेली ही भावंडे एकमेकांस सुनावतात, जुन्या गोष्टी उकरतात, आणि ऐकणाऱ्यास कोणा एकाची बाजू घेता येत नाही. आल्बम बहिणीचा आहे, कीर्ती बहिणीची आहे. तरीही भावाचे गाऱ्हाणे तिने आपल्याच गाण्यात, आपल्याइतक्याच जोराने वाजू दिले आहे. ताल कोठेही बोलण्याच्या वर चढत नाही. निर्माते माइल्स क्लिंटन जेम्स यांच्या संयमाचे हे श्रेय आहे.

शेवटच्या ‘ब्लू’मध्ये साम्फा गातात. ‘मिस्टर मोराल’मधील ‘फादर टाइम’ या गाण्यात लामार यांच्या सोबतीस आहे तो हाच आवाज. तेथे तो बापाच्या धाकात वाढलेल्या मुलाच्या कथेस साथ देत होता. येथे त्याच्या शेजारी एक स्त्री आपले बोलणे स्वतः बोलत आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत.