नमुना २६ वाचताना: आमदार, पोलीस ठाणं आणि आपण

आज मी पुस्तकावर नाही, एका छापील नमुन्यावर टीका करायला उभा आहे. नमुना २६. विधानसभेचा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत हे शपथपत्र देतो. मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे ही माहिती आपल्याला मिळायला लागली, हे मोठंच काम झालं. माझी तक्रार वाचणाऱ्यांबद्दल आहे. ‘कायदा-सुव्यवस्थेच्या बाबतीत हा माणूस कसा?’ असं विचारलं की आपण गुन्ह्यांचा आकडा मोजतो. याच्यावर सात, त्याच्यावर शून्य. झाली तुलना!

आता पाण्यासाठी रास्ता रोको केला तरी गुन्हा दाखल होतो आणि कुणाचं डोकं फोडलं तरी होतो. दोन्ही एकाच रकान्यात. म्हणून कलम वाचायचं. त्यातही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या गुन्ह्यांना भादंविची कलमं, नव्यांना संहितेची. सरकारी नोकरावर कामात असताना हल्ला, हे पूर्वी कलम ३५३ होतं, आता १३२ आहे. गुन्हा तोच, कागदावर वेगळा दिसतो. आणि शून्य? शून्य म्हणजे कधी सज्जनपणा असतो, कधी एवढंच की तक्रार द्यायला कुणी ठाण्याची पायरी चढलंच नाही.

बरं, जाहीरनामा बघावा म्हटलं, तर आपल्याकडे त्याची गंमत आहे. २००८ च्या पुनर्रचनेत बिलोली मतदारसंघ गेला आणि आपण देगलूरला जोडले गेलो. २०२१ च्या पोटनिवडणुकीत जितेश अंतापूरकर काँग्रेसकडून निवडून आले. समोर भाजपचे सुभाष साबणे, जे आधी शिवसेनेचे आमदार होते. २०२४ ला अंतापूरकर भाजपकडून निवडून आले. पक्ष बदलणं हा ज्याचा त्याचा अधिकार, त्यावर मी बोलत नाही. पण माणूस तोच आणि जाहीरनामा दुसरा, तर जाहीरनाम्यावरून माणूस कसा मोजणार? महायुतीने २०२४ ला पोलीस दलात २५,००० महिलांच्या भरतीचं आश्वासन दिलं. चांगलंय. त्यातल्या बिलोली ठाण्याला किती? जाहीरनामा इतका खाली उतरत नाही.

सभागृहातलं मतदान तरी? डिसेंबर २०२० मध्ये याच गावात एका मूकबधिर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यावर जास्त बोलायला मला जमत नाही. त्याच महिन्यात विधिमंडळात शक्ती विधेयक मांडलं गेलं: कडक शिक्षा, तपासाला ठरावीक दिवसांची मुदत. वर्षभराने विधानसभेने ते एकमताने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, कायदा झालाच नाही. पण आपल्या मुद्द्यापुरतं बघा. एकमताने! म्हणजे त्या मतावरून एक आमदार दुसऱ्यापासून वेगळा काढताच येत नाही. तपासाची मुदत घालायला सगळे तयार होते. तपास करणारा अधिकारी ठाण्यात टिकतो का, हे कोण विचारणार होतं?

खरी तुलना तिथे आहे. प्रकाश सिंह खटल्याचा निकाल २००६ चा. त्यानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षं. बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळं. राज्य पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण. या बदल्यांच्या तरतुदीत आमदाराच्या शिफारसपत्राला कुठे जागा नाही. तरी ‘साहेबांना सांगून बघतो’ हे वाक्य तुम्ही-आम्ही किती वेळा ऐकलंय!

म्हणून उमेदवार कोपरा सभेला आला की त्याला विचारा. पीआयच्या बदलीसाठी पत्र देणार का? मांजरेच्या लाल वाळूचा टिप्पर रात्री पकडला, तर फोन करणार का? कुणाच्या बाजूने? आधी आमदार असेल तर गृहखात्यावर किती तारांकित प्रश्न विचारले? विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या असतात, उत्तर ताडून बघता येतं. ‘मी बंदोबस्त वाढवीन’ म्हणाला तर थांबवा. बंदोबस्त वाढवणं आमदाराच्या हातात नाही. सभागृहात रिक्त पदांचा हिशेब मागणं मात्र आहे. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, आणि उत्तरं वहीत तारखेसह. वेगवेगळं विचारलं तर तुलना होत नाही, नुसती भांडणं होतात.

मागून कुणीतरी म्हणतंय, ‘सर, पोरगं पकडलं तर पहिला फोन आमदाराच्या पीएलाच करतो की आपण.’ (हशा) बरोबर आहे. भाच्याची मोटारसायकल ठाण्यात लावली होती तेव्हा मीही केला होता. गाडी तासाभरात सुटली. कागद पूर्ण होते का, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.