मुलींची शाळा आणि स्त्रियांचीं आत्मचरित्रें

मराठींतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें बहुधा वैवाहिक जीवनाच्या अंगानें. पति कसा होता, सासर कसें होतें, वैधव्य आलें तर तें कसें कंठिलें, हे प्रश्न टीकाकार आवडीनें विचारतात. ही बाई शिकली कोठें व कोणाच्या संगतींत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न केवळ चरित्राचा नसून वाङ्मयाचा आहे. 'मी' हा शब्द लेखिकेला किती मोकळेपणीं उच्चारतां येतो, यावर आत्मचरित्राचा सारा घाट अवलंबून असतो. आणि हा उच्चार माणूस कोठें तरी शिकत असतो.

प्रथम रमाबाई रानडे यांचें पुस्तक घेऊं. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें आणि पतीनेंच त्यांना अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत नेलें. शिक्षक एक, विद्यार्थिनी एक, आणि भोंवतीं या शिक्षणावर रुष्ट असलेला घरांतील बायकांचा परिवार! बरोबरीनें शिकणारी, चुकणारी, हंसणारी दुसरी मुलगी शेजारीं नव्हती. धडा चुकला तर गुरु नाराज व्हावयाचे, धडा आला तर घर नाराज व्हावयाचें. अशा स्थितींत जी विद्या मिळते ती खरीच असते, पण ती कोणाची तरी देणगी म्हणून मिळते. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचें नांव 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' असें आहे. 'माझ्या' असें नाहीं. ग्रंथ अत्यंत हृद्य आहे. परंतु त्यांत रमाबाई नायिका नसून साक्षीदार आहेत. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभारणाऱ्या कर्तबगार स्त्रीनें स्वतःच्या कथेंत एवढी थोडी जागा घ्यावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दुसरीं दोन पुस्तकें पाहूं. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ सालीं निघाली आणि त्यांची वडील बहीण आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं. दोघी कोंकणांतल्या, दोघींच्या वांट्यास अल्प वयांत वैधव्य आलेलें. येथें मात्र ग्रंथाच्या नांवांतच 'मी' उभी आहे. मधल्या काळांत समाज पालटला होता, हें कारण आहेच. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. दुसरें कारण त्या दोघी ज्या संस्थांत घडल्या त्यांत शोधावें लागतें.

पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें, तेव्हां तेथें येणाऱ्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई, म्हणजे पुढील आनंदीबाई, होत्या. पुढच्याच वर्षीं सदन पुण्यास आलें. मुली थोड्या, आणि चालविणारी बाई स्वतः विधवा, संस्कृतांत पंडित व परदेश पाहून आलेली. मोठ्या शाळेंत मुख्याध्यापिका हें दुरून दिसणारें दैवत असतें. लहान शाळेंत ती रोजची माणूस असते. ती पैशांची जुळवाजुळव कशी करते, टीकेला उत्तर कसें देते, थकते केव्हां व पुन्हां उठते कशी, हें मुली उघड्या डोळ्यांनीं पाहतात. बाईला हें सारें करतां येतें, हें त्यांना व्याख्यानांतून कळत नाहीं. तें शेजारीं घडत असतें. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ सालीं सदनावर मोठें वादळ आलें आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्याच वर्षीं गोदूबाईंनीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला आणि बहिष्कार सोसला.

'माझें पुराण' मध्यें भाषेची सजावट नाहीं. घरांत बसून बोलावें तसा त्याचा थाट आहे. पण ज्या पुरुषाला १९५८ सालीं भारतरत्न मिळालें आणि ज्याच्यापुढें सारा महाराष्ट्र हात जोडतो, त्यानें संस्थेपायीं संसाराची ओढाताण कशी केली, हें ही पत्नी न कचरतां सांगते. त्यांत द्वेष नाहीं, आणि भीतीहि नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें हा स्वर घरच्या धड्यांतून येता ना.

पार्वतीबाईंचें उदाहरण याहून बोलकें आहे. विशी उलटल्यावर त्या शिक्षणाकडे वळल्या आणि कर्व्यांच्या आश्रमाशीं त्यांचें आयुष्य जडलें. १८९६ सालीं निघालेला हा आश्रम १९०० सालीं हिंगण्यास एका झोंपडीवजा इमारतींत गेला. अशा ठिकाणीं विद्यार्थिनी कोण व चालक कोण ही रेघ फार ठळक राहत नाहीं. पार्वतीबाईंनीं आश्रमाची व्यवस्था पाहिली, गांवोगांव फिरून वर्गणी मिळविली, आणि पुढें १९१८ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकण्यासाठीं अमेरिका गांठली. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं दिवस काढले.

येथें लहान कन्याशाळेचें मर्म हातीं लागतें. मोठ्या मिश्र शाळेंत कामांची वांटणी आपोआप होते. सभेंत बोलावयाचें तें मुलांनीं, रांगोळी घालावयाची ती मुलींनीं. जेथें मुलीच आहेत आणि त्याहि थोड्या आहेत, तेथें अशी वांटणी करण्याची सोयच नसते. घंटा देणें, हिशेबाची वही लिहिणें, आजारी मुलीजवळ बसणें, पाहुण्यांपुढें चार शब्द बोलणें, हीं सारीं कामें कोणा ना कोणा मुलीवरच येतात. 'तूं हें करूं शकशील' असें तिला कोणी सांगत नाहीं. 'हें तुलाच केलें पाहिजे' एवढेंच तिला दिसतें. आत्मविश्वास उपदेशानें येत नाहीं, आपल्यावांचून अडतें या अनुभवानें येतो.

परंतु यावरून लहान शाळा म्हणजे कल्पवृक्ष असा सिद्धांत कोणी बांधूं नये. शार्लट ब्राँटे हिच्या 'जेन एअर' (१८४७) मधील लोवुड ही शाळाहि मुलींचीच. तिचें मूळ कोवन ब्रिज येथील ज्या शाळेंत आहे, तेथून आजारी होऊन परतलेल्या शार्लटच्या दोन थोरल्या बहिणी १८२५ सालीं वारल्या. चार भिंतींच्या आंत एकाच माणसाची इच्छा कायदा होते. तें माणूस उदार असलें तर मुली फुलतात, कोतें असलें तर कोमेजतात. उलट, लक्ष्मीबाई टिळक कोणत्याहि शाळेंत वाढल्या नाहींत, तरी १९३४ पासून निघूं लागलेल्या 'स्मृतिचित्रें'तील निर्भय विनोदाला मराठींत तोड नाहीं. असा पिंड लाखांत एखादा असतो. शाळेची खरी कसोटी अशी कीं, ज्यांचा पिंड तसा नाहीं त्यांना ती काय देते?

याहून कठीण प्रश्न पुढचा आहे. हिंगण्याच्या संस्थेंतच शिकलेल्या बाळूताई खरे यांनीं १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलें. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट त्यांत इतकी स्पष्ट आली कीं, गहजब उडाला. आणि हें पुस्तक 'विभावरी शिरूरकर' या टोपणनांवानें निघालें होतें! शाळेनें लेखणी दिली होती, सांगण्याचें धैर्य दिलें होतें. पण शाळेबाहेरच्या समाजांत तें धैर्य खऱ्या नांवानें वावरूं शकत नव्हतें. पार्वतीबाईंना त्यांच्या संस्थेनेंच कार्यक्षेत्र पुरविलें. ज्या मुलींना शाळेंतून पुन्हां घरींच जावयाचें होतें, त्यांचें काय झालें, याचें उत्तर या कथांत आहे. हा दोष शाळेचा मानावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलीला उभें राहण्यास शिकविणें शाळेचें काम. तिला उभें राहण्यास जागा देणें हें घराचें.

महाविद्यालयांत शिकवितांना आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, लहान कन्याशाळेंतून आलेली मुलगी प्रथम कांहीं महिने बुजते. पुढें वर्गांत शंका विचारावयास उठते ती बहुधा तीच. पण तिच्या घरीं तिच्या शंकेला जागा नसेल, तर वर्गांतलें तें उठणें वर्गांतच संपतें. म्हणून मुलीची शाळा निवडणाऱ्या आईबापांनीं इमारत व निकाल पाहण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या. या शाळेंत आपल्या मुलीवांचून कांहीं अडणार आहे काय? आणि ती तेथून जो आवाज घेऊन येईल, तो आपल्या घरांत ऐकला जाणार आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर शाळा देईल. दुसऱ्याचें उत्तर त्यांनाच द्यावें लागेल.