रुग्णशय्या आणि लेखणी

आजारी लेखकाविषयीं लिहितांना टीकाकाराची लेखणी नकळत हळवी होते. एरवीं जो एखाद्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांतील ढिलेपणा निःसंकोचपणें दाखवून देतो, तोच, ती कादंबरी अंथरुणावर पडून लिहिलेली आहे असें कळतांच, आपली मोजपट्टी बाजूला ठेवतो आणि ग्रंथाऐवजीं ग्रंथकाराच्या धैर्याविषयीं बोलूं लागतो. ही वृत्ति माणुसकीची आहे यांत शंका नाहीं. परंतु ती टीका नव्हे. ज्यानें दुखण्याशीं झगडून एकेक पान मिळविलें, त्याच्या पानाकडे न पाहतां केवळ झगड्याकडे पाहणें, हा एक प्रकारें त्याचा अनादरच होय. त्यानें आपणांस जें द्यावयाचें म्हणून दिलें तें पान होय. झगडा त्यानें बहुधा झांकूनच ठेवला होता.

याच्या उलट टोंकाचा एक भ्रम आहे. रोगामुळें प्रतिभा उजळते, क्षयाच्या ज्वरांत कल्पना अधिक तेजस्वी होते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकांतील युरोपांत बरीच रूढ होती. कीट्स १८२१ सालीं पंचविसाव्या वर्षीं गेला, आणि त्याच्या मृत्यूभोंवतीं या समजुतीचें एक वलयच तयार झालें. क्षयाचे जंतु १८८२ सालीं सांपडले, तरी हें वलय पुसून गेलें नाहीं. एक मत रोग्याला दयेचे गुण देतें, दुसरें रोगालाच प्रतिभेचें श्रेय देतें. दोहोंतहि लेखकाचें कसब तेवढें हिशेबांतून गळतें.

आमच्या मतें विचारण्यासारखा प्रश्न निराळाच आहे. शक्तीचा सांठा अपुरा आणि त्याहूनहि वाईट म्हणजे अनिश्चित असतां, लेखक आपलें लेखन चालूं ठेवतो तें कोणत्या रीतीनें, आणि त्या रीतीचा ठसा लेखनाच्या घडणीवर कसा उमटतो? हा प्रश्न तपासून पाहण्यास रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनसारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. १८५० सालीं एडिंबरो येथें तो जन्मला आणि १८९४ सालीं सामोआ बेटावर मरण पावला. या ४४ वर्षांतील निरोगी म्हणावीं अशीं वर्षें फार थोडीं. खोकला, ज्वर आणि तोंडावाटे रक्त पडणें हे त्याचे जन्माचे सोबती. दुखणें क्षयाचें होतें कीं फुप्फुसांच्या दुसऱ्या एखाद्या विकाराचें, याविषयीं वैद्यांत आजहि एकमत नाहीं. हवापालटासाठीं मेंटन, दाव्होस, ईएर, बोर्नमथ, सॅरानॅक अशीं ठिकाणें तो बदलीत राहिला. आणि लेखन मात्र कोठेंच फार काळ थांबलें नाहीं.

प्रथम ‘ट्रेझर आयलंड’ पाहूं. १८८१ च्या उन्हाळ्याअखेर स्कॉटलंडांतील ब्रेमार येथें, पावसानें घरांत कोंडून पडला असतां, सावत्र मुलाच्या करमणुकीसाठीं रंगविलेल्या एका नकाशावरून त्यास ही कथा सुचली. स्वतः स्टीव्हन्सननें पुढें सांगितलें आहे त्याप्रमाणें, पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणें झालीं आणि सोळाव्याच्या आरंभींच कथेचा धागा हातून सुटला. तो पुन्हां सांपडला दाव्होसच्या हिंवाळ्यांत, आणि तेथेंहि क्रम तोच राहिला : दिवसास एक प्रकरण. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रकरणाचें माप. कादंबरीचीं ३४ हि प्रकरणें आटोपशीर, एका बैठकींत पुरीं होण्याजोगीं आहेत. प्रत्येकास स्वतःचा आरंभ आहे, आणि पुढच्या दिवसाची ओढ लावील असा शेवट आहे. मुलांच्या साप्ताहिकांत ती क्रमशः येत होती हें याचें एक कारण खरें. परंतु उद्यां उठवेल कीं नाहीं याची ज्यास खात्री नाहीं, त्यालाहि हेंच माप सोयीचें.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सोळाव्या प्रकरणापाशींच निवेदक बदलतो. आतांपर्यंत जिम हॉकिन्सच्या तोंडून आलेली कथा पुढील तीन प्रकरणें डॉक्टर लिव्हसी सांगतो. कथानकास याची गरज होती. जिम बेटावर आणि बाकीची मंडळी गलबतावर, तेव्हां त्यांची हकीकत दुसऱ्या कोणीं तरी सांगणें प्राप्त होतें. तथापि, लेखकाचा हात जेथें थांबला नेमक्या तेथेंच कथेंत नवा आवाज यावा, हा योग विचार करावयास लावतो. हा आजाराचा परिणाम होय, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. धागा सुटल्याचें सांगतांना तो स्वतःहि सारा दोष दुखण्यास देत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, कामांत पडलेला खंड वाचकास ठिगळासारखा दिसूं नये, उलट कथेच्या सोयीचा वाटावा, ही हातोटी या लेखकास साधली होती. आणि ज्याच्या आयुष्यांत खंड वारंवार पडणारच, त्याला ती शिकणें भागच होतें.

१८८४ सालीं ईएर येथें परीक्षा याहून कठीण झाली. रक्तस्राव पुन्हां होऊं नये म्हणून उजवा हात अंगाशीं बांधलेला, डोळ्यांच्या दुखण्यामुळें खोली अंधारी केलेली, आणि बोलण्याची मनाई. अशा स्थितींत फळ्यावर मोठाले कागद लावून त्यानें डाव्या हातानें कविता लिहिल्या. १८८५ सालीं निघालेल्या ‘अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस’ या संग्रहांतील कांहीं कविता अशा रीतीनें उतरल्या आहेत. अंधारांत, डाव्या हातानें, कादंबरी लिहवत नाहीं. चार कडव्यांची कविता लिहवते. म्हणजे शक्ति आटली तेव्हां स्टीव्हन्सननें लेखन सोडलें नाहीं, लेखनाचा प्रकार बदलला. याच संग्रहांत आजारी मुलगा आपल्या अंथरुणाचाच एक देश करतो आणि पांघरुणाच्या टेंकड्यांवरून शिपाई चालवितो, अशी एक कविता आहे. तींत तक्रारीचा सूर नाहीं, आणि शौर्याचाहि नाहीं. लेखक स्वतः त्या वेळीं कोणत्या स्थितींत होता हें ठाऊक नसलेल्या वाचकाचें कांहींच अडत नाहीं. ही कविता चांगली आहे ती याचमुळें.

परंतु प्रत्येक वेळीं तडजोड अशी फळास येते असें नाहीं, आणि हें सांगितलेंच पाहिजे. १८८६ सालची ‘किडनॅप्ड’ ही कादंबरी वास्तविक अर्ध्यावरच थांबते. डेव्हिड बाल्फर एडिंबरोंतील ब्रिटिश लिनन कंपनीच्या पेढीच्या दारापर्यंत येतो आणि कथा तेथेंच संपते. ॲलनची सुटका, खुनाचा खटला, हे सारे धागे लोंबकळत राहतात. थकव्यानें लेखकाच्यानें पुढें जाववलें नाहीं. पुढला भाग ‘कॅट्रिओना’ या नांवानें १८९३ सालीं निघाला, आणि तो सुरू होतो त्याच पेढीच्या दारापाशीं. मधलीं सात वर्षें जणूं गेलींच नाहींत, असा हा सांधा आहे. मात्र सांधा कितीहि चतुराईचा असला तरी पहिल्या कादंबरीचा शेवट अपुरा तो अपुराच. ‘आजारी होता बिचारा’ असें म्हणून जो टीकाकार येथें डोळे मिटतो, त्यास मग ‘ट्रेझर आयलंड’ च्या घडणीचें कौतुक करण्याचाहि अधिकार राहत नाहीं. दोष दाखवितां आला तरच गुणाला किंमत येते.

आतां रोगास प्रतिभेचें श्रेय देणाऱ्यांचा विचार करूं. रोगच जर प्रतिभेचा जनक असता, तर प्रकृति सुधारल्यावर लेखन मंदावावयास हवें होतें. घडलें तें उलट. १८९० पासून सामोआंत स्टीव्हन्सनची प्रकृति पूर्वीच्या मानानें बरी राहिली. तो घोड्यावर बसूं लागला, मळ्याच्या कामांत राबूं लागला. आणि ज्या कृतीस अनेक रसिक त्याची सर्वांत परिणत कृति मानतात ती ‘वेअर ऑफ हर्मिस्टन’ याच काळांतील आहे. ती अपुरी राहिली, कारण मेंदूंतील रक्तस्रावानें ३ डिसेंबर १८९४ रोजीं त्यास एकाएकीं नेलें. त्या दिवशीं सकाळींहि तो तिचाच मजकूर सांगत होता. दुखण्यानें त्याला कादंबरी दिली नाहीं. दुखणें थोडें मागें सरलें तेव्हां अनेक वर्षांच्या शिस्तीनें कमावलेला हात मोकळा झाला, इतकेंच.

‘सांगत होता’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. शेवटच्या वर्षांत बोटें आंखडत म्हणून तो सावत्र मुलगी इझोबेल हिला मजकूर सांगे. एकदां बोलण्याची मनाई असतां मुक्यांच्या हस्तसंकेतांनीं अक्षरें दाखवून त्यानें ‘सेंट आयव्हस’ कादंबरीचा मजकूर तिला लिहवून दिला. रुग्ण लेखकाच्या एकाकी धैर्याचें चित्र रंगवितांना हा दुसरा हात आपण विसरतों. पैसाहि विसरतों. १८८० सालीं वडिलांनीं वर्षास २५० पौंडांची नेमणूक करून दिली नसती, तर दाव्होसची हवा आणि ईएरचें ऊन हीं दोन्ही या लेखकास दुर्मिळच होतीं.

अमेरिकन इतिहासकार विल्यम प्रेस्कॉट याच्या उदाहरणानें हें अधिकच स्पष्ट होतें. विद्यार्थिदशेंत पावाच्या तुकड्याचा मार बसून त्याचा एक डोळा गेला, आणि दुसराहि पुढें अधू झाला. त्यानें वाचून दाखविणारे चिटणीस ठेविले. पितळी तारांच्या चौकटींत, न पाहतां ओळी सरळ आखल्या जातील अशा साधनावर तो टोंचणीनें लिही. आणि अख्खीं प्रकरणें मनांत रचून, पुनःपुन्हां घोळवून, मगच कागदावर उतरवी. ‘फर्डिनंड आणि इझाबेला’ यांच्या कारकीर्दीचा इतिहास १८३७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. स्टीव्हन्सननें आपलें काम दिवसाच्या मापानें तोडलें, प्रेस्कॉटनें तें स्मरणाच्या मापानें बांधलें. त्याच्या भारदस्त, तोलून मापून रचलेल्या वाक्यांत ही मनांतल्या मनांत केलेली घोटणी ऐकूं येते. मात्र त्याचें घराणें संपन्न होतें, आणि चिटणिसास वेतन द्यावें लागतें.

हा विचार घेऊन आपल्या वाङ्मयाकडे वळलें असतां काय दिसतें? आगरकरांस दम्याचा विकार होता. १८८८ सालीं ‘सुधारक’ निघाला, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदाचा भार आला, आणि १८९५ च्या जूनमध्यें, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं, ते गेले. त्यांस ना चिटणीस होता ना वडिलांची नेमणूक. त्यांनीं मोठा, एकसंध ग्रंथ लिहिला नाहीं अशी खंत व्यक्त करण्याची चाल आहे. परंतु साप्ताहिक निबंध हेंच त्यांच्या आयुष्याचें माप होतें, आणि त्या मापांत त्यांनीं विचाराची केवढी इमारत उभारली तें पाहण्याचें सोडून, न लिहिलेल्या ग्रंथासाठीं हळहळणें व्यर्थ आहे. आणखी एक गंमत अशी कीं, ज्यास श्वास पुरत नसे त्याचें वाक्य मात्र दीर्घ श्वासाचें आहे. एका उपपत्तीवर दुसरी चढवीत, प्रश्नांमागून प्रश्न टाकीत तें पुढें जातें. शरीरावरून शैली ओळखूं पाहणाऱ्यांनीं या एका उदाहरणापाशीं थांबून विचार करावा. आपल्या भाषेंत अशा उदाहरणांची उणीव नाहीं, वि. स. खांडेकरांनींहि अखेरच्या काळांत दृष्टि गेल्यावर मजकूर सांगून लेखन चालूं ठेविलें होतें.

गडकऱ्यांच्या बाबतींत तर आपली टीका अश्रूंतून क्वचितच बाहेर पडली आहे. १९१९ च्या जानेवारींत सावनेर येथें ते वारले तेव्हां वय ३३. ‘राजसंन्यास’ अपुरें राहिलें. ‘भावबंधन’ मात्र अगदीं शेवटच्या दिवसांत पुरें झालें. मरणाच्या दारांत बसून एक माणूस महेश्वर आणि कामण्णा यांच्या तोंडीं विनोद घालीत होता, हें खरोखरच अद्भुत आहे. पण अद्भुत म्हणून हात जोडले कीं वाचन संपतें. नाटक उघडून पाहावें. विनोदांत क्षीणतेचा लवलेश नाहीं. शब्दांची आतषबाजी पूर्वीइतकीच, कोठें कोठें पूर्वीइतकीच अनावरहि. उलट, घनश्यामाच्या सूडाचें जाळें ज्या सफाईनें विणलें आहे त्या सफाईनें तें सुटत नाहीं. शेवटाला घाई झाल्यासारखें वाटतें. ही घाई वेळ संपत आल्याची, कीं गडकऱ्यांच्या नाट्यरचनेंतील मुळच्याच एका दोषाची? ‘पुण्यप्रभाव’ आणि ‘प्रेमसंन्यास’ यांच्या शेवटांशीं तुलना केल्यावांचून याचें उत्तर देतां येणार नाहीं. ही तुलना जो करील तो गडकऱ्यांस खरा मान देईल, कारण तो त्यांस रोगी म्हणून न वाचतां नाटककार म्हणून वाचील.