खरी नक्कल

"म्हणजे ओरिजिनल नाही," नागपूरहून गाडी बघायला आलेले गृहस्थ म्हणाले. मी नुकतीच शेडमधली ताडपत्री काढली होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर बोटाने टिचकी मारली आणि तो आवाज ऐकून हे वाक्य उच्चारलं. मी म्हटलं, "नाही. नक्कल आहे." तरी गाडी त्यांच्या मनात भरली होती, ते डोळ्यांत दिसत होतं. भावही त्यांनी चांगला सांगितला, माझ्या अपेक्षेहून थोडा जास्तच. निघताना म्हणाले, "सर, हिरवा रंग मारतो, मधून पिवळा पट्टा, आणि नाकावर लोटसचा बिल्ला. मग कोणाला कळतंय?"

गाडी विकावी की ठेवावी, या प्रश्नाने वर्षभर मला घेरलं आहे. कारण साधं आहे. गाडीला दार नाही. आत बसायचं म्हणजे कठड्यावरून एक पाय टाकायचा, स्टिअरिंग धरायचं आणि बाकीचं शरीर खाली सोडायचं. उजवा गुडघा आता त्याला तयार नाही. मुलगी पुण्याहून फोनवर सांगते, "बाबा, चांगल्या हातात जात असेल तर देऊन टाका." तिचं म्हणणं मला पटतही होतं. पण त्या बिल्ल्याच्या गोष्टीने सगळा हिशेबच फिरला. त्या संध्याकाळी मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो आणि तीस वर्षं कॉलेजात मुलांना कवितेपुढे बसवून जे करायला लावलं, ते या गाडीपुढे करायला घेतलं. कविता काय म्हणते ते आधी पाहायचं, मग कशी म्हणते ते. आणि कवी कुठे अडला, तिथून त्याने वाट कशी काढली, हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश.

मूळ रचना १९५७ ची, इंग्लंडची. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने लोटस सेव्हन काढली. गाडीतून जे जे काढून टाकता येईल ते काढून टाकायचं, हा त्याचा ध्यास. छप्पर गेलं, दारं गेली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, तेही फक्त लागतील तिथेच. चाकं अंगाबाहेर, दिवे पुढे खांबांवर उभे. बसणारा इतका मागे की मागच्या आसाला पाठ टेकावी. लांबलचक नाक समोर आणि माणूस शेपटीशी. ओवीत जसा एकही शब्द भरतीचा चालत नाही, तसं या गाडीत काही भरतीचं नाही. चित्रात पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा हेच जाणवलं होतं: हिच्यातून आणखी काही काढायला गेलं तर गाडीच उरणार नाही.

आता 'ओरिजिनल' या शब्दाचं बघा. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून चॅपमनने ही गाडी बरेचदा सुट्या भागांत विकली. लोकांनी खोकी घरी नेली, सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून नटबोल्ट आवळले, इंजिन ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घातलं. म्हणजे अस्सल सेव्हनसुद्धा शेकडो हौशी हातांनी जोडलेली, आणि म्हणून एक दुसरीसारखी नसलेली. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती आजही ही गाडी बनवते. तिच्या परवान्याविना जगभर जेवढ्या नकला झाल्या, तेवढ्या क्वचितच दुसऱ्या स्पोर्ट्स कारच्या झाल्या असतील. आराखडा इतका उघडा आहे की पाहणाऱ्याला वाटतं, हे मलाही जमेल. सोपी वाटणारी कविता वाचून जसं वाटतं, तसंच.

महाराष्ट्रात ते अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत जमवलं गेलं. शमा आणि गिडो बोथे या दांपत्याच्या चिंकारा मोटर्सने दोन हजारच्या दशकात 'रोडस्टर' काढली. माझी गाडी त्यातली. २००५ ची नोंदणी, मी मुंबईच्या एका माणसाकडून घेतली २००९ मध्ये. सांगाडा नळ्यांचाच, पण अंग फायबरचं. म्हणून टिचकी मारली की ॲल्युमिनियमचा 'टण्ण' येत नाही, 'ठप्प' येतो. नागपूरच्या गृहस्थांनी एवढं ऐकलं आणि निकाल देऊन टाकला. मला मात्र गाडी वाचायला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. मुळात पत्रा होता, इथे फायबर का? पत्रा वाकवायला साचे, यंत्रं आणि पैसा लागतो. फायबर एका साच्यावर हाताने थरांवर थर देऊन चढवता येतं. करणाऱ्याने जे होतं त्यातून वाट काढली. आतल्या बाजूला हात फिरवला की काचतंतूंचे कापडासारखे आडवे-उभे धागे अजून बोटांना लागतात. एके ठिकाणी, डाव्या चाकाच्या वर, राळ जरा जाड झाली आहे आणि तिच्यात ब्रशचा एक केस अडकलेला आहे. कुणाच्या तरी हातातल्या ब्रशचा. चित्रातली सेव्हन मी हजार वेळा पाहिली आहे. असा केस कुठल्याही चित्रात दिसला नाही.

इंजिन त्याहून बोलकं. १.८ लिटरचं, इसुझूचं. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा क्लासिकमध्ये जे होतं, त्याच घराण्यातलं. ती कॉन्टेसा मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचा साचा आणून इकडे बनवलेली. म्हणजे साहेबी थाटाच्या जड गाडीचं जपानी काळीज या हडकुळ्या अंगात बसवलं. चॅपमनने असं इंजिन निवडलं असतं असं मला वाटत नाही. पण चंद्रपुरात गेली सोळा वर्षं ही गाडी चालली ती या निवडीमुळे, कारण कॉन्टेसाचे सुटे भाग ओळखणारे मिस्त्री आमच्याकडे होते. आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी बोनेट उचलून आत बघत राहिले आणि म्हणाले, "हे तं आपल्याच घरचं होय जी." तेव्हापासून त्यांनी या गाडीला कधी परकं मानलं नाही. फायबरवर बारीक भेगांची जाळी उठली आहे, ती माझ्या चुकीची. पहिले दोन उन्हाळे मी तिला उघड्यावर ठेवली, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांना टेकतो. मिस्त्रींनी घासून, लांबी भरून ते सावरलं. जवळून पाहिलं तर तो हातही वाचता येतो.

'नक्कल' हा शब्द मी गृहस्थांपुढे उच्चारला तेव्हा थोडा ओशाळलो होतो. नंतर वाटलं, का म्हणून? तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल मागतात, फेरफाराची नक्कल मागतात. तिच्यावर सही-शिक्का असतो आणि ती कोर्टात चालते. त्या खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या लेखी नक्कल म्हणजे खोटी वस्तू नव्हे. आपल्या जमिनीचा पुरावा हातात घेता येईल असा कागद, तो हाच. 'नकली' हा शब्द वेगळा, त्यात फसवणूक आहे. दोन्हींत फरक एवढाच की नक्कल स्वतःला नक्कल म्हणवते. नाकावर दुसऱ्याचा बिल्ला लावला की त्याच क्षणी माझी नक्कल नकली होईल. गाडीचा एक स्क्रूही न बदलता.

एक दिवस मला विशेष आठवतो. मार्च संपत आलेला, पहाटे मूल गावच्या रस्त्याने गडचिरोलीला निघालो होतो. सुमारे ८० किलोमीटर, त्यातलं बरंच जंगल. वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, लोहारा गेलं, आणि कोळशाच्या धुरकट वासाच्या जागी मोहाचा वास आला. बंद गाडीत तो काचेच्या फटीतून येतो. या गाडीत तो अंगावर येतो, थंडगार आणि गोड, कपड्यांना चिकटून राहील असा. चिचपल्लीच्या पुढे एका झाडाखाली गाडी थांबवली. एक बाई ओणवी होऊन टोपलीत फुलं वेचत होती. तिने मान वर केली आणि आमचे डोळे समोरासमोर आले, अगदी एका रेषेत. या गाडीत माणूस इतका खाली बसतो की ओणव्या माणसाच्या नजरेला त्याची नजर भिडते. एरवी त्याच रस्त्याने उंच गाड्या जातात, त्यातून मोह वेचणाऱ्या बाया फक्त पाठीसारख्या दिसतात. तिने विचारलं, "हे कोनती गाडी होय जी?" मी म्हटलं, "अलिबागची." पुन्हा निघालो तेव्हा शेजारच्या सीटवर चार फुलं पडलेली होती, वरून गळलेली, पांढरट आणि ओलसर. बसण्याची ती उंची चॅपमनने शर्यतीसाठी ठरवली होती. आमच्या रस्त्यावर तिचा असा अर्थ लागला.

वस्तू द्यावी की ठेवावी, याचं सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेलं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं आहे. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपयांत, जीपसारखी दिसणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. मी तो व्हिडिओ बऱ्याच वेळा पाहिला. त्या गाडीतली मला सगळ्यात आवडलेली ओळ म्हणजे तिची किक. चारचाकी गाडी, आणि सुरू करायची ती मोटारसायकलसारखी पायाने. जीपच्या आकाराची नक्कल करता करता लोहारांनी एक गोष्ट अशी लिहिली जी कुठल्याच जीपमध्ये नव्हती. स्टिअरिंग डावीकडे होतं आणि ती गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती. आज ना उद्या अडवली जाणार, हे महिंद्रांनीही म्हटलं होतं. पहिल्यांदा घरच्यांचं मन ती द्यायला होईना, घरची लक्ष्मी ती, अशा बातम्या आल्या. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी बोलेरो स्वीकारली. मला त्या निर्णयात काही कमी वाटत नाही. ती गाडी ज्यांच्याकडे गेली, ते तिला 'लोहारांनी बनवलेली' म्हणूनच ठेवणार होते, आणि स्वतः महिंद्रांचा गाड्यांचा धंदाही स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप मुंबईत जोडण्यापासूनच सुरू झालेला. एका जोडणाऱ्याच्या घरून गाडी दुसऱ्या जोडणाऱ्याच्या घरी गेली.

परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) याच प्रश्नाभोवती उभा आहे, आणि मला तो पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. मधुगंधा कुलकर्णींनी लिहिलेली ती पंढरपूरच्या एका घरातली गोष्ट. वडील गेलेले, त्यांनी मुलासाठी हाताने बनवलेली सायकल मागे राहिलेली. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जात अडकलेलं. ते सोडवायचं तर घरात विकण्याजोगं काय आहे? सायकल. लेखिकेने त्या सायकलला कंपनी दिली नाही, नाव दिलं: एलिझाबेथ. माझ्या मते सगळी ताकद तिथे आहे. कंपनीची सायकल गेली तर दुकानात तशीच दुसरी मिळते. नावाची सायकल गेली की ती गेलीच. आई तिला विकायला निघते म्हणून आपल्याला तिचा राग येत नाही, हे दिग्दर्शकाचं मोठेपण. घर चालवणारी बाई आणि सायकल जपणारी मुलं, दोघांच्याही बाजूने बोलणं त्याला जमलं आहे.

माझ्यावर असं कर्ज नाही, म्हणून माझा प्रश्न त्या आईच्या प्रश्नाहून कितीतरी सोपा आहे, हे मी स्वतःला बजावत असतो. शेडमधल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी गृहस्थांना फोन केला. म्हटलं, "बिल्ला लावणार नसाल, आणि पुढे विकताना अलिबागची म्हणूनच विकणार असाल, तर या. भाव तुम्ही सांगितला त्यापेक्षा कमी द्या." ते थोडा वेळ गप्प होते. म्हणाले, "विचार करतो सर." मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते स्पार्क प्लग पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "ज्यानं हे बनवली न, थ्यानं डोकं लावलं आहे. बिल्ल्याखाली थ्याचं डोकं झाकून जाईन."

गृहस्थांचा फोन अजून आलेला नाही. तोवर नोंदणीचं काम समोर आहे. १५ वर्षं झाली तेव्हा एकदा नूतनीकरण केलं होतं, ५ वर्षं संपत आली, पुन्हा करायचं. फॉर्म भरता भरता एक नियम आठवला. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असली पाहिजे. ती कशाची नक्कल आहे, हे त्यात कुठे विचारलेलं नाही. म्हणजे माझी रोडस्टर २०५५ मध्ये, आहे तशी राहिली, तर स्वतःच्याच नावाने व्हिंटेज होऊ शकते. मी तेव्हा नसेन. बिल्ला लावलेली, हिरवी केलेली गाडी मूळ रूपातली कशी म्हणवेल?

काल मिस्त्री चेसिस नंबरचा ठसा घ्यायला आले. गाडीपुढे उकिडवे बसले, नळीवरची धूळ फडक्याने पुसली, पातळ कागद लावून अंगठ्याने दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासू लागले. आधी कागद नुसताच काळा होत गेला. मग एकेक आकडा पांढरा उमटायला लागला, कार्लेखिंडीत कुणीतरी ठोकलेला. तिसरा आकडा जरा तिरका आहे. सोळा वर्षांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.