निर्वासितांच्या कंठी राहिलेले पुराण

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील मोठा भाग त्यांच्या मराठीप्रेमाच्या कौतुकाने व्यापलेला असतो. एका इंग्रज येशूसंघीयाने मराठीची थोरवी गावी, हे कौतुकास्पद खरेच. परंतु त्या कौतुकाच्या भरात हा ग्रंथ आपल्यापर्यंत कोणी पोहोचवला, हा प्रश्न मागे पडला आहे.

पुराण १६१६ साली सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ह्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उरल्या त्या हस्तलिखित नकला. जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीतील आवृत्ती काढली, ती अशा नकलांच्या आधारे. कानडा मुलुखातील ह्या ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गोव्यातून परागंदा झालेले होते. दुष्काळ, रोगराई, करांचा बोजा, मराठ्यांच्या स्वाऱ्या अशी कारणे इतिहासकार देतात. त्यांतच १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशनही होते, हे लिहिताना धर्मगुरूची लेखणी अडखळता कामा नये. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने कोकणी भाषेवरच बंदीचे फर्मान काढले. पुढे १७८४ ते १७९९ ह्या काळात टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला खितपत पडलेल्या ह्याच समाजाला पुराणाच्या गायनाने धीर दिला, असे परंपरा सांगते.

कोकणीवरील त्या फर्मानानंतर दुसऱ्याच वर्षी, १६८५ मध्ये, फ्रान्सच्या कॅथलिक राजाने, चौदाव्या लुईने, नान्तचा १५९८ चा आदेश रद्द केला आणि ह्यूगनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रॉटेस्टंटांपैकी सुमारे दोन लाख लोक देशोधडीला लागले. त्यांची कथा आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. ठाऊक करून घेणे आपल्याला सोयीचेही नव्हते. त्यांनी सोबत नेली ती फ्रेंच पद्यात रचलेली स्तोत्रे. कॅन्टरबरीच्या कॅथेड्रलच्या तळघरात, एलिझाबेथ राणीच्या काळापासून आश्रय मिळालेल्या अशा निर्वासितांची उपासना आजही फ्रेंचमध्ये होते. उलट, १६८८ च्या सुमारास केप ऑफ गुड होपला पोहोचलेल्यांच्या वंशजांकडे फ्रेंच आडनावे आणि द्राक्षमळे उरले, स्मारक व संग्रहालयही उभे राहिले. स्तोत्रांची भाषा मात्र काही पिढ्यांतच गेली. गंमत अशी की, ज्या एलिझाबेथने प्रॉटेस्टंटांना आसरा दिला, तिच्याच राज्यात कॅथलिक धर्माचरण गुन्हा ठरल्याने स्टीफन्स ह्यांनी इंग्लंड सोडले. त्यांचा मित्र थॉमस पाउंड तुरुंगातच राहिला.

हे ध्यानी घेऊन पुराण वाचले म्हणजे आरंभीचाच एक प्रसंग वेगळा दिसू लागतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? ज्यांच्या ओठांवरचे काढून घेतले गेले, त्यांनी मागितलेला हा ग्रंथ आहे. समीक्षकांनी ह्या प्रश्नाला निव्वळ प्रास्ताविक मानून पुढे जावे, हे मला पटत नाही. माझ्या मते, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा खटाटोप त्या प्रश्नाचे ऋण फेडण्यासाठी आहे.

आता आवृत्त्यांविषयी. शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती दिली, हे मराठीवर मोठेच उपकार झाले. कॅरिदाद द्रागो ह्यांची आवृत्ती १९९६ ची. फादर नेल्सन फाल्काव ह्यांनी २००९ मध्ये मूळ संहितेसोबत आधुनिक मराठी गद्यानुवाद दिला. अभ्यासकाला त्याच्यावाचून पाऊल टाकता येणार नाही. मात्र गद्यानुवाद हाती येताच वाचक ओवीकडे वळेनासा होतो, हा माझाच अनुभव. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या आखूड चरणाशी येणारा विसावा, हे अर्थाचेच अंग आहे. ते गाळून उरते ती बायबलमधली आपल्याला आधीच ठाऊक असलेली कथा.

एका प्रायश्चित्तकाळात मी आमच्या धर्मग्रामात दुःखसहनाचा भाग गद्यातून वाचून दाखवला. मंडळी शिष्टाचाराने ऐकत होती. मग मूळ ओव्या वाचू लागलो, तेव्हा कापूस वेचायला जाणाऱ्या एका वृद्ध बाई म्हणाल्या, “फादर, हे वाचाचं नाही जी, म्हनाचं हाय.” आणि त्यांनी जात्यावरच्या चालीत ओवी धरली. ग्रांथिक ओवी आणि जात्यावरची ओवी एक नव्हे, हे मी जाणतो. चाल दोनदा अडलीही. पण तिसऱ्या ओवीला मागच्या बायांनी चौथा चरण उचलला.

आमच्या ह्या वऱ्हाडात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लपवून शतकानुशतके जपले. त्यामुळे ते वाचले, पण मराठी समाजाला ते विसाव्या शतकात उमगले. ख्रिस्तपुराणाला लिपीचे कुलूप नाही. तरी ते कपाटात आहे. पुढील संपादकाने संहितेइतकीच चालींची काळजी वाहावी, मंगळूर-गोव्याकडील कोणाच्या स्मरणात जुनी म्हणणी असतील तर ती ध्वनिमुद्रित करावी.

तोवर आमच्याकडे प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी क्रूसाच्या वाटेआधी दहा ओव्या म्हटल्या जातात. अवघड शब्दांचे अर्थ मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवतो.